यहेज्केलमधला 'ह' कुठे टिकला?

ग्रीकमध्ये जाताना हिब्रू नावांतले कंठ्य वर्ण, म्हणजे घशातून उच्चारले जाणारे 'ह'सारखे वर्ण, गळाले असे म्हटले जाते; ते यहेज्केल, म्हणजे 'देव सामर्थ्य देतो', या हिब्रू नावाबाबत मान्यच आहे. ग्रीक-लॅटिन वाटेने इंग्रजीत इझिकिएल आणि स्पॅनिशमध्ये एझेकिएल झाले, तिथे 'ह' उरला नाही. परंतु त्यामुळे तो सर्वत्र नाहीसा झाला असे म्हणता येणार नाही. अरबीत हिझ्कील आहे आणि आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंनी तर याच नावाचे हसाजी केले. मुंबईत १७९६ साली सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, उभारणारे सामाजी हसाजी दिवेकर म्हणजेच सॅम्युएल इझिकिएल दिवेकर. मराठी 'जी' लागूनही हसाजीत जुना 'ह' ऐकू येतो, हे मला फार मोलाचे वाटते.