मदत हवी आहे: एकाच कॉन्फिग फाइलने तीन नोड हबला जोडले जात नाहीत

रापणकर (रत्नागिरी):
सेलेनियम ग्रिडवर, म्हणजे ब्राउझरच्या चाचण्या अनेक संगणकांवर वाटून चालवणाऱ्या प्रणालीवर, तीन नोड (चाचण्या चालवणारे) हबकडे (चाचण्या वाटणाऱ्या मध्यवर्ती भागाकडे) नोंदवायचे आहेत. तिन्हीकडे अक्षरशः एकच कॉन्फिग (मांडणीची) फाइल आहे, तरी एकच नोड दिसतो. सोमवारी ग्राहकाला चाचण्या दाखवायच्या असल्याने कृपया लवकर उत्तर द्यावे.

कातळसडा:
आवृत्ती कोणती, आणि तिन्ही नोड एकाच संगणकावर आहेत का? जुन्या तिसऱ्या आवृत्तीची जेसन स्वरूपातली फाइल २०२१ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीला जशीच्या तशी दिली, तर ती चालणार नाही.

माडबनी:
हे सारे सोडून डॉकर (प्रोग्राम लागणाऱ्या सामग्रीसकट बांधून चालवणारे साधन) वापरावे. मी दोन वर्षे तेच वापरतो आहे.

कातळसडा:
डॉकरमध्येही नोडला हबचा पत्ता सांगावाच लागतो, त्यामुळे मूळ दुखणे तिथेही राहीलच.

माडबनी:
निदान ग्रिडला लागणारी जावा तरी प्रत्येक संगणकावर बसवावी लागत नाही!

खाडीकाठ:
प्रत्येक नोडवरील सत्रांची (एकाच वेळी चालणाऱ्या ब्राउझरांची) कमाल संख्या प्रोसेसरांच्या संख्येइतकीच ठेवावी. ती वाढवली की ब्राउझर रखडतात.

रापणकर:
सत्रांविषयी मी विचारलेले नाही. आवृत्ती चौथी आणि फाइल टॉमल स्वरूपातली आहे. हब व पहिला नोड एकाच संगणकावर आहेत, दुसरे दोन शेजारच्या खोलीत. हे सांगण्याची गरज वाटली नव्हती. त्या दोघांवर दर १० सेकंदांनी ‘सेंडिंग रजिस्ट्रेशन इव्हेंट’ (नोंदणीचा निरोप पाठवत आहे) एवढीच ओळ उमटते.

कातळसडा:
फाइलच्या ‘इव्हेंट्स’ विभागात ‘पब्लिश’ आणि ‘सबस्क्राइब’ यांपुढे लोकलहोस्ट, म्हणजे ‘हाच संगणक’, असे लिहिले आहे का? तसे असेल, तर शेजारच्या खोलीतला नोड हबला स्वतःच्याच संगणकात शोधत बसला आहे. तिथे हबचा आयपी पत्ता घालावा, आणि हबच्या फायरवॉलमध्ये ४४४४ खेरीज ४४४२ व ४४४३ हे पोर्टही (जोडणीची क्रमांकित दारे) उघडावेत, कारण नोंदणीचा निरोप त्यांवरूनच जातो.

खाडीकाठ:
नोड पहिल्या नोंदणीसाठी १२० सेकंदच धडपडतो. आमच्याकडे मालवणला पावसात लाइट जाऊन आली आणि हब उशिरा उठला, की नोड गप्प बसलेले असतात; म्हणून मी ‘रजिस्टर पीरियड’ ही त्या धडपडीची मुदत वाढवून ठेवला आहे.

रापणकर:
लोकलहोस्टच होते. पत्ता बदलूनही ओळ थांबेना. दोन्ही पोर्ट उघडल्यावर नोड पुन्हा सुरू केले, तेव्हा तिन्ही दिसले. आता तिसऱ्यावर फायरफॉक्स दिसत नाही, पण त्यासाठी वेगळा धागा काढतो.