मृगजळ : भ्रम म्हणावं का?

'मृगजळ म्हणजे दृष्टिभ्रम' असं सर्रास लिहिलं जातं. मला ते खटकतं. भ्रम पाहणाऱ्याच्या डोक्यात असतो. मृगजळाचा तर चक्क फोटो निघतो. कॅमेऱ्याला कुठली आलीय तहान? मग नेमका शब्द कोणता? आणि यातला 'मृग' हरणाचा की नक्षत्राचा?

— हरणाचाच. संस्कृतात 'मृगतृष्णा', 'मृगतृष्णिका' आहेत, आणि नक्षत्राला तहान लागत नाही. दुसरा शब्द 'मरीचिका', तो मरीचि म्हणजे किरण यावरून. खेळ सगळा किरणांचाच असल्यामुळे मला तोच जास्त चपखल वाटतो. नक्षत्राची शंका तशी अगदीच वेडगळ नाही म्हणा, जुन्या मराठीत मृगजळाला 'रोहिणी'ही म्हणत!

— 'भ्रम' नको हे मान्य. तापलेल्या रस्त्याला चिकटलेली हवा विरळ, तिच्यावरची त्यामानाने गार आणि दाट. आकाशातून अगदी तिरपा खाली येणारा किरण या थरांमधून जाताना हळूहळू वळतो आणि जमिनीला न टेकताच वर उचलला जाऊन डोळ्यात शिरतो. आपण मात्र तो सरळच आला असं धरून चालतो आणि आकाशाचा तुकडा रस्त्यावर मांडतो. तेच ते 'पाणी'. दिसतं ते खरं, अर्थ लावण्यात फसगत. म्हणून 'आभासी प्रतिमा' म्हणा. पुस्तकातलं 'पूर्ण आंतरिक परावर्तन'ही इथे ओढूनताणून आणलेलं. किरण परत फिरवणारा एकच एक पृष्ठभाग नसतोच, सलग अपवर्तन, म्हणजे किरणाचं थराथरात वळत जाणं असतं.

— पण मग ते पुढे पुढे का सरकतं?

— कारण वळण फारच थोडं असतं. दोन थरांत 20 अंश सेल्सिअसचा फरक धरला, तर रस्त्याशी साधारण एक तृतीयांश अंशाच्या कोनाच्या आत येणारेच किरण वळून वर येतात. डोळा दीड मीटर उंचीवर असेल तर पाणी अडीचशे मीटर पलीकडेच दिसणार. तुम्ही चाललात की तेही तितकंच सरकणार. 'मृगजळामागे धावणे' हा वाक्प्रचार भूमितीच्या हिशेबानेही बिनचूक आहे.

— आत्ताच उकिडवा बसून पाहिलं. डबकं खरंच बरंच जवळ आलं! उभा राहिलो की परत लांब.

— याच्या उलट, खाली गार आणि वर गरम हवा असेल तर किरण खालच्या बाजूला वळतो. मग समुद्रावर जहाजं अधांतरी दिसतात, क्षितिजाखालचा सूर्यही दिसू शकतो. 1597 साली आर्क्टिकमधल्या नोवाया झेमल्या बेटावर अडकलेल्या डच खलाशांना ध्रुवीय रात्रीनंतरचा सूर्य अपेक्षेपेक्षा सुमारे दोन आठवडे आधीच दिसला होता. यात 'जळ' कुठेच नाही, तेव्हा 'ऊर्ध्व मृगजळ' वगैरे घडवत बसण्यापेक्षा आपला जुना 'गंधर्वनगरी' का वापरू नये? हवेतल्या नगरासाठीच तर आहे तो.

— जहाजांना चालेल. सूर्याला नगरी कशी म्हणणार?