मदत हवी आहे: हॉस्पिस सेवेचा दर्जा कसा पारखायचा?

अबोली

घरातल्या ज्येष्ठ रुग्णासाठी हॉस्पिस, म्हणजे आजार बरा होणार नसताना त्रास कमी करणारी सेवा, निवडायचं आहे. कर्करोग मणक्यात पसरलेला आहे, केमो थांबवली आहे, जेवण अगदी कमी. दर चार तासांनी मॉर्फिनची गोळी चालू आहे, तरी रात्री दुखणं वाढतं. दोन पर्याय आहेत: एक संस्था घरी येऊन सेवा देते, दुसऱ्या ठिकाणी दाखल करावं लागेल. दोन्हीकडे गोड बोलतात आणि माहितीपत्रकं जवळजवळ सारखीच आहेत.

काय विचारायचं, कसं उत्तर आलं म्हणजे बरं समजायचं आणि प्रत्यक्ष बघायला गेल्यावर नजर कशावर ठेवायची, हे जाणकारांनी सांगावं. इमारत आणि खोल्यांबद्दल नको, ते दिसतंच.

सदाफुली

रात्रीपासून सुरुवात करा. सकाळी अकरा वाजता प्रत्येक संस्था चांगली असते. दुखणं, धाप आणि घाबरं होणं रात्री वाढतं, आणि माणसं कमी असतात तीही रात्रीच.

'चोवीस तास सेवा आहे का' असं विचारलंत तर 'हो' हेच उत्तर येणार. त्याऐवजी प्रसंग मांडा: "आज रात्री दोन वाजता दुखणं १० पैकी ८ झालं आणि दिलेली गोळी उलटून पडली, तर मी काय करायचं?" मग एकेक करून विचारत जा. फोन नर्स उचलणार की फक्त निरोप घेणारं कोणी? तिच्यासमोर रुग्णाची औषधयादी असेल का? डॉक्टरांशी बोलून तिचा परत फोन किती वेळात येईल? घरी यायची वेळ आली तर कोण येणार, किती वेळात? ज्यांच्याकडे हे रोजचं काम आहे ते न अडखळता क्रमाने सांगतात: घरी ठेवलेल्या औषधपेटीतलं अमुक औषध द्या, अर्ध्या तासाने आम्हीच फोन करू, फरक नसेल तर सिस्टर निघेल. "तसं झालंच तर जवळच्या रुग्णालयात न्या" हे पहिलंच उत्तर असेल तर ती संस्था यादीतून काढा.

घरच्या सेवेत ही पेटी फार महत्त्वाची. तिच्यात दुखण्यासाठी, उलटीसाठी, बेचैनीसाठी, घशातल्या घरघरीसाठी आणि तापासाठी आधीच आणून ठेवलेली औषधं असायला हवीत. प्रत्येकावर कशासाठी, किती आणि कसं द्यायचं हे घरातल्या कोणालाही वाचता येईल अशा अक्षरात लिहिलेलं हवं. 'लागलं की लिहून देऊ' याचा अर्थ रात्री दोन वाजता तुम्ही औषधाचं दुकान शोधत फिरणार.

एक प्रश्न चुकवू नका: "तोंडाने काहीच जात नसेल तेव्हा मॉर्फिन कसं देता?" शेवटच्या दिवसांत गिळणं बहुतेक वेळा थांबतं. तेव्हा त्वचेखाली बारीक सुई ठेवून औषध देतात, कधी २४ तास हळूहळू औषध सोडणारा छोटा सिरिंज पंप लावतात. हे घरी करता येतं, शीर शोधावी लागत नाही. यावर नुसतं 'बघू' असं उत्तर आलं तर शेवटच्या दिवसांचा त्यांचा अनुभव कमी आहे असं समजा.

नीलमोहर

औषधांच्या बाजूने सांगतो. वेदनाशमन बरोबर चाललंय की नाही हे घरच्यांनाही तपासता येतं. डोस मात्र स्वतःहून बदलू नका.

मॉर्फिनची साधी गोळी साधारण अर्ध्या तासात लागू पडते आणि चारेक तास टिकते. म्हणून ती घड्याळावर द्यायची असते, 'दुखलं की' नाही. शिवाय मधेच कळ आली तर द्यायचा जादा डोस कागदावर लिहिलेला असलाच पाहिजे. तो सहसा दिवसभराच्या एकूण मात्रेच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. दर चार तासांनी १० मिलिग्रॅम म्हणजे दिवसाचे ६०, तर जादा डोस १० च्या जवळपास. दिवसाला ६० चालू असताना जादा डोस २ मिलिग्रॅम लिहिला असेल तर तो पुरणार नाही, कारण विचारा. आणि असे किती जादा डोस लागले याची नोंद ठेवून त्यावरून मूळ मात्रा वाढवतात का, हेही विचारा. रोज चार-पाच जादा डोस लागतायत आणि आठवडाभर मूळ मात्रा तीच, तर नोंदवही कोणी वाचत नाही हे उघड आहे.

पहिल्याच चिठ्ठीत मॉर्फिनबरोबर पोट साफ होण्याचं औषध आहे का बघा. मळमळ बहुतेकांची काही दिवसांत कमी होते, बद्धकोष्ठ मात्र जात नाही. ते औषध रोज लागतं. तीन दिवस शौचाला झालेलं नसताना कोणी विचारत नसेल तर तिथे मूलभूत गोष्टच निसटते आहे.

सुरू करण्याआधी किडनीचे रिपोर्ट मागतात का? किडनी मंदावली की मॉर्फिनचे घटक शरीरात साचतात. माणूस फार गुंगतो, हातपाय झटके देतात, भास होतात. जाणकार डॉक्टर अशा वेळी मात्रा कमी करतात, अंतर वाढवतात किंवा औषध बदलतात. 'आता शेवटचंच आहे' म्हणून सोडून देत नाहीत.

उलट टोकाची माणसंही भेटतात. "मॉर्फिन अगदी शेवटी, नाहीतर सवय लागेल" असं म्हणणाऱ्या ठिकाणी रुग्ण विनाकारण सोसतो. मात्रा हळूहळू, बघून वाढवली तर मॉर्फिनने मरण लवकर येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनांसाठी १९८६ मध्येच हे औषध पायरीपायरीने कसं द्यायचं ते सांगितलं आहे.

तुमच्या रुग्णासाठी खास: आजार मणक्यात आहे. तेव्हा "पायातली ताकद अचानक कमी झाली किंवा लघवी अडली तर काय?" हे दोन्हीकडे विचारा. मज्जारज्जूवर दाब आल्याचं ते लक्षण असू शकतं आणि त्यात तासांचा हिशोब असतो. चांगली टीम ही लक्षणं तुम्ही न विचारताच सांगते, कळवायचं कोणाला ते लिहून देते आणि तेव्हा रेडिएशनसाठी न्यायचं की नाही हे आधीच तुमच्याशी बोलून ठेवते. हाडाच्या दुखण्यावर रेडिएशनचा ८ ग्रेचा (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) एकच डोसही बऱ्याच जणांना आराम देतो. हॉस्पिस म्हणजे असले उपाय बंद, असं मानणारी संस्था नको.

पायवाट

दाखल विभागात काय बघायचं त्याबद्दल. वेळ ठरवून एकदा जा आणि न कळवता एकदा, शक्यतो संध्याकाळी पाळी बदलताना. दुसऱ्या भेटीला अजिबात नकार देत असतील तर तेच उत्तर समजा. दुसऱ्या रुग्णाच्या खाटेजवळ मात्र त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय जाऊ नका.

खाटेच्या पायथ्याशी कूस बदलल्याचा तक्ता लावलेला असतो. नमुना म्हणून एक दाखवायला सांगा. दर दोन तासांनी डावी कूस, पाठ, उजवी कूस अशा नोंदी आणि सह्या असतात. दुपारी तीनला बघत असाल तर चार आणि सहाच्या रकान्यांवर नजर टाका. ते आधीच भरलेले असतील तर तक्ता तपासणीसाठी आहे, रुग्णासाठी नाही. दिवसभराच्या सगळ्या सह्या एकाच हाताच्या, एकाच शाईच्या, वेळा अगदी काट्यावर ८, १०, १२, हेही तसंच. खऱ्या तक्त्यात ८:१०, १०:२५ असं असतं आणि मधे कुठेतरी 'दुखत असल्याने हलवलं नाही, जादा डोस दिला' असा शेरा सापडतो. असा शेरा दिसला तर मला त्या ठिकाणाबद्दल खात्री वाटते, कारण तिथे कोणी रुग्णाकडे बघून लिहितं आहे.

एअर बेड आहे म्हणून कूस बदलायची गरज संपत नाही. विचारा की टाचा कशा जपतात. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवतो, असं उत्तर हवं. टाच, माकडहाड आणि खुबा, एकाच कुशीवर पडून राहिल्याने दाबाच्या जखमा बहुधा इथेच सुरू होतात.

मग ओठ बघा. शेवटच्या आठवड्यांत तोंडाची स्वच्छता दर दोन-चार तासांनी लागते. कोरडे, भेगाळलेले ओठ आणि जिभेवर पांढरा थर सगळीकडे दिसत असेल तर हात कमी पडतायत. पाण्याचा पेला आणि बोलवायची घंटी रुग्णाच्या हाताला लागते का? घंटी वाजल्यावर कोणी यायला किती वेळ लागतो? उभं राहून मोजा.

किती जणांचे हात दोरीने बांधलेले आहेत, किती जणांना नाकात नळी आणि लघवीची नळी आहे, तेही बघा. काहींना नळी खरंच लागते. सरसकट सगळ्यांना असेल तर ती कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी आहे. बेचैन रुग्णाचं काय करता असं विचारलं की 'झोपेचं इंजेक्शन' हे पहिलं उत्तर येऊ नये. आधी मूत्राशय भरलंय का, पोट साफ झालंय का, कुठे दुखतंय का, हे बघायला हवं. त्यानंतर औषध.

अबोली

खूप आभार. घरी येणाऱ्यांनी दोन गोष्टी सुचवल्या आहेत: गोळीऐवजी फेंटानिल या वेदनाशामकाचा त्वचेवर चिकटवायचा पॅच आणि रोज एक सलाइन. आणि रात्रीचा फोन आधीच लावून पाहणं योग्य होईल का?

सदाफुली

फोन जरूर लावा. निवड करताना प्रश्न विचारायला फोन करणं यात गैर काही नाही. रात्री उशिरा करा, एकच खरा प्रश्न विचारा, त्यांचा वेळ खाऊ नका. कोणी उचललं, किती रिंगनंतर, आणि 'उद्या ऑफिसात विचारा' म्हणाले का, एवढं टिपून ठेवा.

नीलमोहर

पॅच वाईट नाही, पण वेळ बरोबर हवी. लावल्यावर पूर्ण परिणाम यायला १२ ते २४ तास लागतात, साधारण ७२ तासांनी बदलतात, आणि काढल्यावरही कित्येक तास औषध अंगात राहतं. त्यामुळे रोज वरखाली होणाऱ्या दुखण्यात मात्रा पटकन बदलता येत नाही. तुमच्याकडे रात्री दुखणं वाढतंय, म्हणजे ते अजून आटोक्यात नाही. आधी गोळ्यांवर मात्रा बसवायची, मग पॅच, हा क्रम. कोणत्या हिशोबाने बदलताय, पहिल्या दिवशी गोळी कधी थांबवायची आणि मधल्या कळेसाठी काय, हे त्यांना लिहून मागा. पॅचवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये आणि ताप आला तर औषध जास्त शोषलं जातं, हे त्यांनी न विचारता सांगितलं का? सांगितलं नसेल तर ते मला खटकतं.

सलाइनचं: कशासाठी, आणि कधी थांबवणार? उलट्यांनी पाणी कमी झालं असेल तर उपयोग होतो. शरीर मिटत चाललं की तेच पाणी बऱ्याचदा पायावर सूज आणि छातीत घरघर वाढवतं. 'ताकदीसाठी रोज एक' ही चिठ्ठी विचार करून लिहिलेली नाही. घरघर सुरू झाली तर काय करता, हेही विचारा. कुशीवर वळवणं, डोकं थोडं उंच, औषध लवकर सुरू करणं, हे बरोबर. घशात खोलवर नळी घालून पुन्हा पुन्हा ओढणं रुग्णाला त्रासाचं असतं. धाप असेल तर ऑक्सिजनचं प्रमाण तपासल्याशिवाय मशीन विकत घ्यायला लावत असतील तर थांबा. प्रमाण ठीक असेल तर तोंडावर येणारा पंख्याचा वारा आणि थोडं मॉर्फिन यांनी जास्त बरं वाटतं.

कवडसा

करारावर कोणी बोललं नाही म्हणून थोडक्यात. औषधं, डायपर, ड्रेसिंग, उपकरणांचं भाडं, रात्रीची भेट, यातलं काय शुल्कात आणि काय वेगळं, हे लेखी घ्या. रुग्ण आठवड्यात गेला किंवा तुम्ही सेवा थांबवली तर उरलेले पैसे परत मिळणार का? महिन्याचे आगाऊ घेऊन परतीचा नियम नाही, तर सही करू नका. घरचे थकले तर रुग्णाला काही दिवस दाखल करून घेण्याची सोय आहे का, तेही विचारा.

शेवटच्या क्षणांबद्दलचे कागद आजच मागा. श्वास थांबल्यावर फोन कोणाला, दाखला कोण देणार, उरलेलं मॉर्फिन कोण मोजून घेऊन जाणार. घाबरून कोणी रुग्णवाहिका बोलावली तर ते छाती दाबायला लागतील. ते नको असेल तर तसं ठरवून, डॉक्टरांच्या सहीसह कागद घरात समोर ठेवावा लागतो.

पायवाट

आणि निवड केल्यावर पहिला आठवडा परीक्षेचाच धरा. पहिली सविस्तर तपासणी २४ ते ४८ तासांत व्हावी. त्यात दुखणं, मळमळ, धाप, झोप आणि चिंता यांना ० ते १० आकडे देऊन नोंद व्हावी, आणि रुग्णाला स्वतःला काय हवं आहे हे विचारलं जावं, घरच्यांना वगळून, त्याच्याशीच बोलून. आठव्या दिवशी तेच आकडे पुन्हा काढायला सांगा. रात्रीचं दुखणं ७ वरून ३-४ वर आलं नसेल तर 'काय बदललंत?' एवढंच विचारा. काही बदललेलं नसेल आणि पुढची योजनाही सांगता येत नसेल तर दुसरीकडे हलवा. हलवताना चालू औषधयादीची सहीशिक्क्याची प्रत आणि शेवटच्या डोसची वेळ लिहून घ्या, किमान तीन दिवसांचं मॉर्फिन हातात ठेवा, आणि नव्या टीमची पहिली भेट झाल्यावरच जुन्यांची सेवा बंद करा. दोन संस्थांच्या मधल्या एका रात्रीत डोस चुकला तर दुखणं पुन्हा आटोक्यात आणायला दिवस जातात.