टॅक्सीला सूट, पीएचव्हीला दंड: सिंगापूरचा चाइल्ड सीटचा नियम तुम्हाला पटतो का?

पुंगोलची आई
शनिवारी साडेचार वर्षांच्या लेकीला घेऊन निघाले. ॲपवरून बोलावलेली पीएचव्ही, म्हणजे टॅक्सीचा परवाना नसलेली भाड्याची खासगी गाडी, आली. ड्रायव्हरने काच खाली करून विचारलं, "बूस्टर आहे?" पट्टा नीट बसावा म्हणून मुलाला उंच बसवणारी ती सीट आमच्याकडे नव्हती. तो निघून गेला. मग त्याच ॲपवरून टॅक्सी आली आणि तिच्यात लेक नुसती मागच्या सीटवर बसून आली. कायद्याने दोघांचंही बरोबर!

१.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला इथे योग्य सीट लागते. टॅक्सीला सूट आहे, पीएचव्हीला नाही. कारण असं देतात की टॅक्सी रस्त्यात हात करून थांबवतात, ती सगळ्या वयांच्या सीटा घेऊन कशी फिरणार? कबूल. पण माझी टॅक्सी हात करून थांबवलेली नव्हती. मग सूट परवान्याकडे बघून का? गाडी कशी ठरवली ते बघा.

माजी पीएचव्हीवाला
ताई, निघून गेलेला तो ड्रायव्हर मीही असू शकलो असतो. नोकरी गेल्यावर दीड वर्ष गाडी चालवली. १२० डॉलर दंड आणि ३ डिमेरिट पॉइंट (परवान्यावरचे दंडगुण) ड्रायव्हरच्या नावावर चढतात. बारा डॉलरच्या भाड्यासाठी कोण ही जोखीम घेईल? मी डिकीत बूस्टर ठेवायचो. पण तान्ह्या बाळाला मागे तोंड करून बसवायची सीट लागते, दोन वर्षांच्याला पट्ट्यांची. तिन्ही ठेवल्या तर विमानतळाच्या प्रवाशाच्या बॅगा कुठे ठेवू? तुमचं ऐकलं तर टॅक्सीवालेही यात अडकतील. त्यापेक्षा दोघांनाही सूट द्या आणि सीट आणायचं आईवडिलांवर सोपवा.

बेडोककर
दोघांनाही सूट? धडक बसली की गाडी थांबते, मांडीवरचं मूल थांबत नाही. ताशी ५० च्या वेगात दहा किलोचं बाळ कुणाच्याच हातात राहत नाही. नुसता पट्टा लावलात तर लहान मुलाच्या मानेवर आणि पोटावर येतो. बूस्टरने तो खांद्यावर आणि कमरेच्या हाडावर बसतो. गाडीवर टॅक्सीचा दिवा आहे म्हणून हे बदलत नाही. माझ्या मते सूट कुणालाच नको.

दोन लेकरांची आई
बेडोककर, तुमच्याकडे स्वतःची गाडी आहे का? आमच्याकडे नाही. रात्री दीड वाजता धाकट्याचा ताप १०४ झाला, तेव्हा खाली जाऊन दिसेल ती टॅक्सी थांबवली आणि केके हे मुलांचं हॉस्पिटल गाठलं. थोरला झोपेत खांद्यावर. सीट कुठल्या हाताने उचलली असती? ही सूट काढली तर आमच्यासारख्यांचंच मरण आहे. सीटवाली गाडी मागवली की जास्तीचे पैसे, आणि गर्दीच्या वेळी ती मिळतही नाही.

ठाण्याहून
वाचते आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीपासून कलम १९४ब आहे: १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंड. पण सीएनजीची टाकी असलेल्या काळी-पिवळीच्या डिकीत सीट कुठे ठेवायची, हा प्रश्न इथेही तोच.

पुंगोलची आई
@दोन लेकरांची आई, रस्त्यात थांबवलेल्या टॅक्सीची सूट काढा असं मी म्हणतच नाही, ती राहिलीच पाहिजे. बोलतेय ते बुकिंगबद्दल. ॲपला मुलाचं वय आधी सांगता येतं, मग ज्याच्याकडे तशी सीट असेल त्यालाच भाडं जाऊ दे, टॅक्सी असो वा पीएचव्ही. आणि दादा, मी खोटं वय टाकलं तर दंड मला व्हावा, तुम्हाला नाही. हेही मान्य आहे.

माजी पीएचव्हीवाला
दंडाचं पटलं. पण ती सीट विकत कोण घेणार? माझा बूस्टर मी माझ्या खिशातून घेतला होता, कुणी एक डॉलर दिला नाही. त्यावर मुलांनी सांडलेलं दूधही मीच पुसायचो. ॲपवाल्यांनी सीटा द्याव्यात, मग घाला बंधन.

बेडोककर
पैशाचं बरोबर आहे. तरी माझी नात मी सीटशिवाय टॅक्सीत बसवणार नाही. गेल्या महिन्यापासून घडीचा बूस्टर पिशवीत घालून नेतो. जड नाही. तान्ह्या बाळासाठी मात्र असं काही जमत नाही, तिथे मलाही उत्तर सापडलेलं नाही.