'अर्बन स्प्रॉल'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
नागरी भूगोलाची टिपणं विद्यार्थ्यांसाठी मराठीत लिहिते आहे. अर्बनायझेशनला नागरीकरण, सबर्बला उपनगर, एवढं जमलं. अडलंय ते 'अर्बन स्प्रॉल'पाशी. 'नागरी विस्तार' लिहून पाहिलं, पण विस्तार शब्दात कौतुक आहे. धंद्याचा विस्तार झाला की आपण पेढे वाटतो. पाणी, ड्रेनेज, रस्ते मागे राहतात आणि शहर वाटेल तसं शेतांत शिरतं, ते त्यात येत नाही. 'हद्दवाढ' चालेल का? पेपरात सतत दिसतो.

प्रतिसाद
हद्दवाढ नको, ताई. हद्दवाढ कागदावर होते, आणि बहुतेक वेळा उशिरा होते. पुण्यात २०१७ मध्ये ११ गावं आणि २०२१ मध्ये २३ गावं पालिकेत आली. तोवर वाघोलीत इमारती केव्हाच उभ्या होत्या. फुरसुंगी आणि उरुळी देवाची तर २०१७ ला आत आली आणि २०२४ मध्ये बाहेर पडून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. हद्द मागे सरली म्हणून तिथली एक तरी इमारत परत शेत झाली का?
जनगणनेची व्याख्याही बघा. ५,००० वस्ती, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं आणि ७५ टक्के कामकरी पुरुष शेतीबाहेरच्या कामात, एवढं जुळलं की ते गाव शहर म्हणून मोजलं जातं, कारभार ग्रामपंचायतीचा असला तरी. अशी 'सेन्सस टाउन' देशात २००१ मध्ये १,३६२ होती, २०११ मध्ये ३,८९४ झाली. यातलं काहीच 'हद्दवाढ' या शब्दात मावत नाही.

प्रतिसाद
नाम शोधण्याआधी क्रियापदं ऐका, असं मला वाटतं. शहर कसं वाढलं हे मराठी माणूस क्रियापदातच सांगून टाकतो.
पेठ 'वसवली' जाते. पेशवाईत शेटे-महाजनांना कौल, म्हणजे लेखी हमी, द्यायचे, सुरुवातीची काही वर्षं करात सूट द्यायची, मग व्यापारी-कारागीर येऊन राहायचे. वसवणारा माहीत असायचा, म्हणून तर सदाशिवरावभाऊंच्या नावाची सदाशिव पेठ, नाना फडणवीसांची नाना पेठ. आणि आज? प्लॉट 'पडतात'. "त्या मळ्यात प्लॉट पडले." कोणी पाडले ते वाक्यात येतच नाही.
मी हे डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या शेजारच्या रानात ज्वारी काढून झाली आणि आठवड्यात पांढऱ्या फक्कीच्या रेघा आल्या. कोपऱ्याकोपऱ्याला चुना लावलेले दगड, मधून मुरमाचा रस्ता, वेशीपाशी फ्लेक्स. पुढच्या उन्हाळ्यात पाच-सहा घरं आणि दाराशी टँकर.
आपल्या जुन्या भाषेत गावाचे दोन भाग: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. ती फक्की काळीवर पडताना पाहिली तेव्हा हे दोन शब्द मला खऱ्या अर्थाने कळले. तुमच्या टिपणात 'लँड यूज' येईल तिथे ते जरूर वापरा.
गुंठेवारीही विसरू नका. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. एकराचे ४० तुकडे करून विकायचे, आणि मग ते नियमित करायला २००१ मध्ये कायदा करावा लागला. स्प्रॉल शिकवायला याहून जवळचं उदाहरण कुठलं?

प्रतिसाद
मग शब्द समोरच आहे: पसारा. "शहराचा पसारा वाढला" असं आपण बोलतोच. पसरणं आहे आणि आवरलेलं नाही हेही आहे.

प्रतिसाद
पसारा आवडला, पण एक शंका. "त्यांचा कारभाराचा पसारा मोठा आहे" यात दोष नाही, नुसता व्याप आहे. विद्यार्थी गोंधळणार नाहीत?
जाता जाता उपनगराबद्दल. मुंबईत हा शब्द पक्का बसलाय, कारण १९९० पासून मुंबई उपनगर असा जिल्हाच आहे. पण कोथरूडचा माणूस "मी उपनगरात राहतो" म्हणताना मी ऐकलेला नाही. तो कोथरूडलाच राहतो. सबर्ब दिसला की उपनगर, असं सरसकट करू नये.

मूळ प्रश्न विचारणारी
सगळ्यांचे मनापासून आभार. शंका रास्त आहे, पण 'शहराचा' लावला की पसाऱ्यातला बेशिस्तपणाच पुढे येतो, निदान माझ्या कानाला. सबर्बचं तपासून घेते, दोन ठिकाणी नुसतं 'शहराबाहेरची वस्ती' पुरेल.
'कॉनर्बेशन'चं, म्हणजे वाढत वाढत एकमेकांना चिकटलेल्या शहरांच्या पट्ट्याला काय म्हणायचं याचं, अजून नक्की नाही. हा शब्द नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१५ मध्ये रूढ केला आणि १९१९ पासून ते मुंबई विद्यापीठात शिकवत होते, म्हणून तो मराठीत नीट आणायची फार इच्छा आहे. 'जोडशहर' पुणे आणि पिंपरी-चिंचवडला शोभतं, पण ठाणे, कल्याण, उल्हासनगर, भिवंडी अशी रांग लागली की जोड कुठली? तूर्त 'सलग शहरं' लिहिलंय.
आणि स्प्रॉलचं वाक्य आता असं झालंय: "नळ आणि ड्रेनेज पोचण्याआधीच शहराचा पसारा गावाच्या काळीत शिरतो."