वारली नको, बऱ्हाणपूर बघा

खानदेशच्या सीमेवरच्या वारशासाठीच्या बोधचिन्हात वारली चित्रांतली माणसं घ्या, रंग केळी-कापसाचे ठेवा, असं आधी कोणीतरी सुचवलंय. दिसतील छान, पण ती डहाणू-पालघरकडची. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरांनी ती आपली का मानावीत? रंगांचं मात्र पटलं, केळीचा हिरवा नि कापसाचा पांढरा पुरे.

एक मुद्दा कोणी काढला नाही. फारुकी सुलतानांच्या खानदेशची राजधानी बऱ्हाणपूर, आता मध्य प्रदेशात. तिथल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे, सोळाव्या शतकाच्या अखेरचा. सीमेवरच्या वारशाला याहून नेमका आधार कुठला शोधणार! संस्कृतची नागरी लिपी वरच्या शिरोरेषेला लटकते, अरबी खालच्या रेघेवर बसते. या दोन रेघा धरूनच अक्षरचिन्ह जुळवता येईल. फक्त एकाच रंगातही उठून दिसेल असं करा, एसटी थांब्यावरच्या पाटीवर बारकावे टिकत नाहीत.