थर्मोस्टॅट बदलला तरी गाडी तापतेय, मदत हवी आहे

घाटवाट
नमस्कार. रविवारी घरीच थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाण्याला रेडिएटरची वाट उघडून देणारा व्हॉल्व्ह) बदलला, तरी काल खंबाटकी चढताना काटा पाऊण भागाच्या वर गेला. बाजूला घेऊन अर्धा तास थांबलो. परवा पहाटे आईला घेऊन कोल्हापूरला निघायचंय, तिच्या डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख आहे, पुढे ढकलता येत नाही. नवा पार्ट खराब निघतो का? की वॉटर पंप गेला? मेकॅनिक म्हणतो, थर्मोस्टॅट काढूनच टाका, आपल्या हवेत लागत नाही. काढू का? लवकर सांगा.

चौदाचा पाना
गाडी कुठली, किती चाललेली? पेट्रोल की डिझेल? मुळात बदललात कशासाठी?

घाटवाट
पेट्रोल हॅचबॅक, 2013 ची, 92 हजार किमी. आधीही घाटातच तापायची, शहरात ठीक. म्हणून बदलला.

जुनी जीप
मेकॅनिकचं ऐका. मी 2006 साली माझ्या डिझेल जीपचा काढला तो काढलाच. आंबेनळी, वरंधा, सगळे घाट झाले, एकदाही तापली नाही.

चौदाचा पाना
काका, तुमची जीप वेगळी, ही इंजेक्शनवाली पेट्रोल. थर्मोस्टॅट काढला की इंजिन नीट तापतच नाही, ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं अजून थंडच आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं. दुसरं म्हणजे बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडला की त्याचीच मागची चकती बायपास, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी वाट, बंद करते. तो काढलात तर थोडं पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आत फिरतं, आणि नेमकं चढावर गाडी आणखी तापते. काढू नका.

जुनी जीप
वीस वर्षं गाडी चालतेय, ती काय खोटी? मुंबईच्या उन्हात इंजिन थंड राहतं म्हणणं मला पटत नाही.

टोरांटोकर
आमच्याकडे उलटं झालं होतं. थर्मोस्टॅट उघडाच अडकला. जानेवारीत उणे 18, अर्धा तास चालवूनही हीटरमधून गार वारा, मागे मुलगी कुडकुडत बसलेली. स्कॅनरवर पी0128 कोड आला. तुम्हीही आधी कोड वाचून घ्या.

चौदाचा पाना
तो कोड इंजिन पुरेसं तापत नसेल तेव्हा येतो, यांची तक्रार उलट आहे. घाटवाट, नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी गरम पाण्यात तपासला होता का?

घाटवाट
नवा नाही, सीलबंद होता. जुना उकळत्या पाण्यात टाकला, तर जेमतेम दोन-तीन मिलिमीटर उघडला.

चौदाचा पाना
म्हणजे जुना गेलेलाच होता. अंगावर 82 छापलं असेल तर 82 अंशांच्या आसपास उघडायला लागतो आणि 95 पर्यंत पूर्ण, साधारण आठ मिलिमीटर. नवा काढून तपासा. व्हॉल्व्हच्या फटीत दोरा अडकवून त्याच दोऱ्यावर पाण्यात लटकता ठेवा, बुडाला टेकू देऊ नका. शेजारी थर्मामीटर धरा, गॅस बारीक. तोंड उघडलं की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट टपकन तळाशी जातो. त्या क्षणाचा आकडा वाचायचा. तापाचा थर्मामीटर मात्र घालू नका, तो 42 पर्यंतचा, फुटेल.

टेबललँड
आमच्या पाचगणीत पाणी 95-96 लाच उकळतं. त्यामुळे माझा चांगला थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नाही असं वाटून मी उगीच दुसरा आणला होता.

अनघा_ठाणे
एक कळकळीची विनंती. स्वयंपाकाचं पातेलं वापरू नका. कूलंटमधलं ग्लायकॉल विषारी आहे. चव गोड असते म्हणून कुत्री-मांजरं सांडलेलं चाटतात आणि मरतात. आमच्या सोसायटीतलं एक पिल्लू असंच गेलं. फरशी भरपूर पाण्याने धुवा.

लाल डबा
आईंची तारीख महत्त्वाची. स्वारगेटहून कोल्हापूरच्या गाड्या भरपूर आहेत, सरळ एसटीने जा.

घाटवाट
तिला पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून गाडीच हवी. आत्ता तपासला, 83 ला दोरा सुटला. म्हणजे नवा चांगला. मग पंप?

चौदाचा पाना
थांबा, पंपावर जाऊ नका. थर्मोस्टॅटच्या कडेवर एक बारीक हलणारी पिन असते. बसवताना ती वर होती की खाली? आणि गाडी गरम असताना हीटर लावला तर हवा कशी येते?

घाटवाट
पिनकडे लक्षच दिलं नव्हतं. काढतानाचा फोटो आहे, त्यात घड्याळाच्या सहाच्या जागी दिसतेय. हीटरमधून गारच हवा येत होती, पण तो कधी लावतच नाही, म्हणून लिहिलं नाही.

चौदाचा पाना
तेच सांगायला हवं होतं! पाण्याच्या वाटेत हवा अडकलीय, म्हणून हीटरला गरम पाणी पोचत नाही. त्या पिनच्या भोकातून हवा वर निसटते, म्हणून पिन बाराच्या जागी हवी. खाली असली की थर्मोस्टॅटमधलं मेण, जे तापून त्याला उघडतं, ते पाण्याऐवजी हवेच्या फुग्यात राहतं आणि तो उशिरा उघडतो. पिन वर करून बसवा, रबराची रिंग नवी घाला. गाडीचं तोंड चढाकडे करा, हीटर फुल, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा, रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) हाताने दाबत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट ओता. पातळ करायला डिस्टिल्ड पाणीच, बोअरचं नको. पंखा सुरू होतो का बघा. एकदा झाकण लावून गाडी तापली की मग ते उघडायचं नाही. आत दाब असतो, वाफ तोंडावर येते.

जुनी जीप
हे मात्र बरोबर. माझ्या मनगटावर अजून डाग आहे.

घाटवाट
रात्री साडेदहाला केलं. वरचा होज दाबला की गुडगुड आवाज येऊन पातळी खाली जायची. पाऊण लिटर कूलंट आणखी गेलं! हीटरची हवा कढत आली, पंखाही लागला. कात्रजच्या जुन्या घाटात दोनदा नेली, काटा मध्यावरून हलला नाही. खूप आभार, दादा.

चौदाचा पाना
उत्तम. निघण्याआधी इंजिन गार असताना झाकणाचं रबर बघा. ते गेलेलं असेल तर दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळतं.

घाटवाट
बघितलं, एका बाजूला चिरलंय. दुकान दहाला उघडतं, लगेच आणतो.